सुरक्षित स्थळ, तालुका जिंतूर

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले की एक पत्रक निघते. विसर्ग किती क्युसेकने, किती वाजल्यापासून, आणि शेवटी ते ठरलेले वाक्य: नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, जनावरे व शेतीसाहित्य सुरक्षित स्थळी हलवावे. २०२५ च्या पावसाळ्यात पूर्णाकाठाला हे वाक्य पाठ झाले असेल. आमचा प्रशासनाला एकच प्रश्न आहे. हे सुरक्षित स्थळ आहे कुठे? कोणत्या गावात, कोणत्या गट नंबरात? तिथे दावण आहे का, पाण्याचा हौद आहे का, वैरणीची एखादी पेंढी तरी आहे का? या नावाचे ठिकाण जिंतूर तालुक्याच्या नकाशावर आम्हाला तरी सापडले नाही.

मंगळवारी, ७ ऑक्टोबर २०२५ ला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पूरग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुधाळ जनावरामागे ३७ हजार ५०० आणि ओढकामाच्या जनावरामागे ३२ हजार रुपये आहेत आणि तीनच जनावरांची मर्यादा उठवली आहे. ती उठवली हे बरेच झाले. आजवर चौथी म्हैस बुडाली तरी सरकारी हिशेबात ती बुडतच नव्हती. पण हा सगळा हिशेब म्हैस मेल्यानंतरचा आहे. मेलेल्या जनावराचा दर सरकारला तोंडपाठ आहे. जिवंत जनावर वाचवायचे कसे, यावर पॅकेजमध्ये काय आहे? आम्ही शोधले, आम्हाला दिसले नाही. आणि दर तरी कसला? चांगली दुभती म्हैस लाखाच्या खाली मिळत नाही, हे बाजारात एकदा चक्कर मारली तरी कळेल.

म्हैस पाण्याला भिणारे जनावर नव्हे. मोकळी असली तर ती पोहत काठाला लागते. ती मरते कारण ती बांधलेली असते. परभणी-हिंगोलीकडे ढोरे गावात कमी, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जास्त. आखाडा शेतात आणि शेत नदीकडेला. तिथे रात्री एखादा सालगडी झोपलेला, नाहीतर तोही नाही. विसर्गाचे पत्रक पहाटे कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, तोवर आखाड्याच्या वाटेवर छातीभर पाणी. आणि गळ्यात काय? पूर्वी दावे असायचे, कोयत्याच्या एका घावात तुटायचे. आता साखळी आली. दावे असले तरी गाठ बहुधा निरगाठ. ताणलेल्या दाव्याची निरगाठ अंधारात, पाण्यात, बिथरलेल्या बैलाच्या गळ्यातून सोडून दाखवा, मग सुरक्षित स्थळाचे पत्रक काढा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि रावणगावात पूर शिरला तेव्हा काय झाले ते साऱ्या मराठवाड्याने पाहिले. तिथे माणसे गेली आणि म्हशी दावणीलाच गेल्या. सुरगाठ मारली तर एका हिसक्यात सुटते, एवढी साधी गोष्ट गावोगाव सांगायला कोणत्या पॅकेजची गरज होती?

हे फक्त पाण्याचे रडगाणे नाही. उन्हाळ्यात हीच गोष्ट आगीने घडते. ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी आखाड्यावर रचल्या जातात, गोठ्याला खेटून, आणि वरून विजेच्या लोंबत्या तारा गेलेल्या. वाऱ्याने तारेला तार घासते, ठिणगी पडते. कुणाचे धुरे पेटवलेले असतात, ती आग बांध ओलांडते. बंब तालुक्याहून निघेपर्यंत उरते ती राख आणि साखळीला अडकलेले सांगाडे. जिंतूरच्या माळावर आणि डोंगरउतारावर वाळल्या गवताला वणवा लागला की गुराख्यांची आणि मेंढपाळांची तीच गत. आग तर रीतसर आपत्तीच्या यादीत आहे. पण आग लागल्यावर जनावरे न्यायची कुठे, याचे उत्तर पुन्हा तेच: सुरक्षित स्थळी.

सगळ्यात संताप येतो तो जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा. २०२४ साली सरकारने फर्मान काढले की १ जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री नाही आणि नैसर्गिक आपत्तीत ते मेले तर भरपाईही नाही. शेतकऱ्याने मुकाट्याने जनावरांचे कान टोचून घेतले. बारा आकडी नंबर, मालकाचे नाव, गाव, मोबाइल, सगळे सरकारच्या संगणकात गेले. म्हणजे पूर्णेच्या काठावर कोणत्या गावात किती म्हशी, किती बैल, कुणाच्या दावणीला, हे सरकारला ठाऊक आहे. मग विसर्ग सोडण्याआधी त्याच मोबाइलवर एक संदेश का जाऊ नये? ‘तुमच्या नावावर चार जनावरे आहेत, अमुक गट नंबरात न्या, पाणी अमुक वाजता पोहोचेल’ एवढे लिहायला काय लागते? भरपाई नाकारायला बिल्ला चालतो, सावध करायला चालत नाही.  

जमत नाही म्हणावे तर तेही खरे नाही. दुष्काळात याच सरकारने चारा छावण्या चालवल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये दिले जात होते. मांडव, पाणी, पेंड, पशुवैद्यक, हजेरी असे सगळे उभे राहिले. (हजेरीत कागदावरची जनावरेही चरून गेली, तो भाग वेगळा.) म्हणजे हजारो जनावरे एका जागी आणून जगवायची कशी, हे महाराष्ट्राइतके कुणाला कळते? पण दुष्काळ महिनोन्महिने चालतो, निविदा निघतात, छावणीचालक तयार होतात. पूर आणि आग एका रात्रीत येतात. एका रात्रीत कंत्राट कुणाला मिळणार?

आणि जागा म्हणाल तर गावाला उंचावरची जागा होतीच. तिला गायरान म्हणतात. नावातच गाय आहे. अर्धे अतिक्रमणात गेले, उरलेल्यावर सौर कृषी वाहिनी योजनेचे पट्टे पडत आहेत. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही, दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याला हवीच आहे. पण पट्टे मोजताना गावच्या ढोरांना संकटात उभे राहायला दोन एकर तरी सोडायचे, हे कुणाला सुचले नाही. गायरान नाही तर बाजार समितीचे आवार आहे, आठवड्यातले सहा दिवस ओस पडणारा बैलबाजार आहे.

आगीत जनावरे वाचवण्याची धडपड बाहेर कशी होते तेही पाहा. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सासात वणव्यात दहा लाख एकरांवर गवत जळाले. सुरुवात एका कुजलेल्या विजेच्या खांबाने झाली. तिथेही सात हजारांहून अधिक गुरे गेली, म्हणजे तिथे रामराज्य आहे असे नाही. पण पशुपालकांनी कुंपणे कापून कळप मोकळे सोडले, आणि विद्यापीठाच्या विस्तार विभागाने वैरण उतरवायच्या जागा लगेच जाहीर केल्या. आपल्या परभणीतही कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांचा अभिमान तर भाषणाभाषणात आहे. ही गुरे पुरात आणि वणव्यात जगवायची कशी, हे सांगणारा एक कागद गावच्या चावडीवर लावायला त्यांना कुणी अडवले आहे?

येलदरीला दहा दरवाजे आहेत आणि धरण १९६८ पासून उभे आहे. वरचे खडकपूर्णा धरण भरले की येलदरीत पाणी येणार, येलदरी भरले की खालच्या सिद्धेश्वर धरणाकडे सुटणार, हा क्रम शाळकरी पोराला माहीत आहे. कोणता दरवाजा उघडला की किती तासांनी कोणत्या आखाड्यात पाणी शिरते, हे काढायला पन्नासहून अधिक वर्षे पुरायला हवी होती. दिवाळीनंतर ज्वारी वाढेल, मार्चला कडबा आखाड्यावर येईल, आणि तारा तिथेच लोंबत असतील. तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी एवढेच करावे: पत्रकातल्या त्या वाक्यात ‘सुरक्षित स्थळी’च्या जागी गावाचे नाव आणि गट नंबर लिहावा.