नदीकांठची खोली व शेतकऱ्याचें जोडउत्पन्न

शेतीस जोडधंदा असावा, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तो कोठें थाटावा, याचा विचार थोडेच करतात.

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत, रॉकी पर्वतांत सुमारें 7,500 फूट उंचीवर, एस्टेस पार्क हें गांव आहे. जोएल एस्टेस यानें 1859 सालीं हें खोरें पाहिलें व पुढें तेथें गुरें आणलीं; पण कडक हिवाळा न सोसल्यानें 1866 सालीं तो निघून गेला. त्यानंतर ग्रिफ एव्हान्स यानें गुरें राखीत पाहुण्यांस लांकडी खोल्या भाड्यानें दिल्या. इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी बाई 1873 सालीं आठवड्यास 8 डॉलर देऊन तेथें राहिली. आज गांवाचा मुख्य आधार प्रवाशांचाच आहे, व नदीकांठच्या खोल्यांस मागणी मोठी.

मात्र पाण्याची शोभा विकणाऱ्यानें पाण्याचा स्वभावही ओळखावा. 31 जुलै 1976 रोजीं रात्रीं गांवाखालील बिग थॉम्प्सन नदीच्या दरींत कांहीं तासांत सुमारें 12 इंच पाऊस कोसळला. पुरांत 144 माणसें दगावलीं. सप्टेंबर 2013 मध्यें पुन्हां मोठा पूर आला.

आपल्याकडेही कित्येक बागाईतदार पर्यटकांसाठीं नदीकांठीं खोल्या बांधूं लागले आहेत. आमचें मत स्पष्ट आहे. पूररेषेच्या आंत वैरण किंवा पीक असावें; खोली उंचवट्यावरच बांधावी. भाडें थोडें कमी येईल. पण बुडालेलें पीक पुढील हंगामीं पुन्हां उभें करतां येतें; बुडालेला पाहुणा परत आणतां येत नाहीं.