दोष बोर्डाचा की चार्जरचा?

लोणावळा परिसरातल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ साली वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. त्याच मावळात, पावसाळ्यात आमच्या वर्गातला रास्पबेरी पाय ४ सारखा बंद पडत होता. मुलं म्हणाली, बोर्ड खराब आहे. मीही मान डोलावली.

आठवीतल्या एका मुलीने पडद्याच्या कोपऱ्यातलं पिवळं विजेचं चिन्ह दाखवलं. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की ते उमटतं. या बोर्डाला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. आम्ही मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल लावली होती. दोन्ही बदललं, बोर्ड नीट चालला. वीज अचानक गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून आता आभाळ भरून आलं की आधी तो रीतसर बंद करतो.

शाळेला बोर्ड भेट देणाऱ्यांनी योग्य चार्जरही द्यावा, हे माझं पहिलं म्हणणं. दुसरं आम्हा शिक्षकांसाठी. घरी उर्दू बोलणारं मूल मराठीच्या तासाला अडखळलं की आपण ‘कच्चं’ असा शेरा मारून मोकळे होतो. सूरह हुजुरात बदगुमानीपासून दूर राहायला सांगते. शेरा मारण्याआधी त्याला काय कमी पडतंय, ते तरी विचारूया.