मशाल कुणाच्या हाती?

ऑलिंपिक आलं की घराघरांतली मुलं टीव्हीसमोर ठाण मांडतात. मशाल घेऊन धावणारे खेळाडू पाहून आपल्याला वाटतं, ही हजारो वर्षांची रीत असणार. पण ही दौड 1936 ची आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मशालींच्या शर्यती होत असत. ऑलिंपियातून दूरच्या शहरापर्यंत ज्योत नेण्याची प्रथा नव्हती. आधुनिक ऑलिंपिकमध्ये ज्योत पेटली 1928 साली ॲम्स्टरडॅमला, आणि दौड सुरू केली बर्लिनने.

कल्पना कार्ल डीम यांची, राज्य हिटलरचं. 20 जुलै 1936 रोजी ऑलिंपियात आरशाने सूर्यकिरणं एकवटून ज्योत पेटवली. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती सात देशांतून बर्लिनला नेली. मशाली बनवल्या तोफा ओतणाऱ्या क्रुप कंपनीने. ज्या देशांतून ती गेली, त्यांपैकी ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस पाच वर्षांच्या आत नाझींच्या टाचेखाली आले.

मग जगाने ही प्रथा टाकून का दिली नाही? कारण पुढच्यांनी तिचा अर्थ बदलला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी पहिला धावपटू होता एक ग्रीक सैनिक. त्याने आधी शस्त्र खाली ठेवलं, गणवेश उतरवला, मग मशाल घेतली. 1964 साली टोकियोत ज्योत पेटवली योशिनोरी साकाई या तरुणाने. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतात त्याचा जन्म झाला होता.

आणि 1996, अटलांटा. शेवटची मशाल हाती आली मुहम्मद अली यांच्या. 1960 च्या रोम ऑलिंपिकचे हे सुवर्णविजेते. 1967 मध्ये त्यांनी आपल्या दीनचा हवाला देऊन व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला. किताब गेला, तीन वर्षांहून अधिक काळ रिंगण बंद झालं. ते झुकले नाहीत. पार्किन्सनने हात थरथरत होता, तरी त्यांनी ज्योत पेटवली. ज्या देशाने शिक्षा दिली, त्याच देशाने हा मान दिला.

मुलांना हे दोन्ही सांगू या. सुरुवात लपवायची नाही आणि नंतरचं चांगलं नाकारायचंही नाही. जुलमी हातांनी सुरू झालेली गोष्टही नेक हातांत आली की उजेड देते. पुढची मशाल आपली मुलं कशी धरतील, याची तालीम घरातच होते.