शेवटचे षटक आणि बदलापूर लोकल
वैशाखाचा अंमल सुरू होऊन उन्हाने भर दुपारी रस्त्यांवर जणू जमावबंदीच पुकारली असता, गेल्या रविवारी सायंकाळी विठ्ठलवाडी सुटल्यावर बदलापूर लोकलच्या डब्यात एका तरुणाने आयपीएलचा सामना दाखविणारा आपला मोबाइल सर्वांना दिसेल असा उंच धरला, आणि उल्हासनगरला उतरावयाचे एक वयस्कर गृहस्थ शेवटच्या षटकाच्या मोहाने खुशाल अंबरनाथपर्यंत आले, हे दृश्य, वाचकहो, माझ्या मनातून अद्याप जात नाही. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची किमयाही हीच होती, अजय-अतुल यांचे संगीत घरोघरी वाजत असतानाही लोक चित्रपटगृहांत नाचावयास गेले, कारण आनंदाला साक्षीदार लागतात. शके 982 चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयावर शिल्पकारांनी नर्तकी कोरल्या, त्याही येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या दृष्टीसाठीच. म्हणून माझा निवाडा स्पष्ट आहे : बंद खोलीत एकट्याने पाहिलेल्या दहा मालिकांहून गर्दीत खांद्याला खांदा लावून पाहिलेले एक षटक हेच, बदलापूरच्या टपोऱ्या जांभळासारखे, उन्हाळ्याचे खरे फळ होय.