शिट्टी कुणाच्या हातात?



पावसाळा उतरणीला लागला की शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलींचे संघ आधी तालुक्याला खेळतात, तिथून जिल्ह्याला, आणि जिंकलेच तर घाट चढून कोल्हापूर विभागाच्या स्पर्धेला जातात. रत्नागिरीत मुलींचे खेळ म्हटले की खो-खो आणि कबड्डी आधी आठवतात, आणि ते साहजिकच आहे. या वेळी मात्र आम्ही मुद्दाम बास्केटबॉलबद्दल बोलणार आहोत. बाईला खेळायला परवानगी देताना समाज कोणत्या अटी घालतो, हे या खेळाच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

हा खेळ १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. काही महिन्यांतच, १८९२मध्ये, सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. म्हणजे बायका या खेळात मागाहून आल्या नाहीत, जवळजवळ सुरुवातीपासूनच होत्या. पण मुलींनी दमू नये, हिसकाहिसकी करू नये, बाईपणाला शोभेल असंच खेळावं, म्हणून नियम बदलले गेले. मैदानाचे तीन तुकडे केले आणि मुलीने आपल्या तुकड्याची रेषा ओलांडायची नाही असं ठरलं. चेंडू हातातून काढून घ्यायला बंदी आली. पुढे तीनाचे दोन तुकडे झाले, पण अमेरिकेतल्या मुलींना पूर्ण मैदानभर पाच जणींनी खेळायचा नियम मिळायला १९७१ साल उजाडलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६मध्ये आलं आणि बायकांचं १९७६मध्ये. मधे चाळीस वर्षं गेली.

मैदानावरच्या त्या रेषा आता पुसल्या गेल्या आहेत. खेळणाऱ्या बाईच्या आयुष्यातल्या मात्र अजून तशाच आहेत. शाळा हा एक तुकडा, खेळातून पोट भरणं हा दुसरा, आणि शिकवणं, संघ निवडणं, शिट्टी हातात घेणं हा तिसरा. मुलगा या तिन्ही तुकड्यांतून धावतो. मुलीला प्रत्येक रेषेवर कुणीतरी थांबवतं.

पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात मुली शाळेत जातात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर असतो आणि त्यात मुली पुढे असतात, याचा आपल्याला अभिमान आहे. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे याच जिल्ह्यातल्या मुरुडचे. पण शाळेत खेळ शिकवायला कोण आहे? शिक्षण हक्क कायदा २००९चा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा, असं तो म्हणतो. आता आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा डोळ्यांसमोर आणा. शंभराचा आकडा गाठणाऱ्या शाळा किती निघतील? लोक मुंबईला गेले, घरं बंद झाली, पट घसरला. नियम सर्वांना सारखा, पण कोकणातल्या मुलीच्या वाट्याला त्याने शून्य येतं. त्यात जून ते सप्टेंबर असा पाऊस की उघड्या मैदानावर पाऊल टाकता येत नाही. बास्केटबॉलला सपाट, पक्कं कोर्ट लागतं, आणि आमच्याकडे शाळेच्या अंगणातला जांभाही शेवाळाने निसरडा झालेला असतो.

तरीही काही मुली खेळतात. दहावीपर्यंत घरचे हरकतही घेत नाहीत, कारण सवलतीचे क्रीडागुण मिळतात. गुण पदरात पडले की खेळ संपतो. मग सुरू होतं ते, 'आता मोठी झालीस', 'अर्ध्या चड्डीत कसली धावतेस', 'शेवटची एस.टी. चुकली तर येणार कशी?' यातला एस.टी.चा प्रश्न खरा आहे, तो सोडवायला हवा. पण त्याच गाडीने येणाऱ्या मुलाला तो कुणी विचारत नाही.

दुसरा तुकडा पोटाचा. आपल्याकडे खेळाडू बाई 'व्यावसायिक' असते म्हणजे काय? बहुतेक वेळा ती रेल्वेत नोकरी करते. भारतीय रेल्वेचा महिला बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं देशात अव्वल राहिला, त्याचं कारण हेच. खेळणाऱ्या मुलीला महिन्याचा पगार देणारं दुसरं मोठं दार फारसं नव्हतं. केरळची गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत होती. तिथून ती ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११मध्ये अमेरिकेतल्या महिला लीगच्या संघांनी तिची चाचणी घेतली, आणि २०१४मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला भारतात राहून क्लबकडून पगार घेऊन खेळायची सोय नव्हती. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण २००५पासून आहे. ते मोलाचं आहे, आणि आपल्या मुलींना ते माहीत करून द्यायला हवं. पण नोकरी खेळाच्या जोरावर मिळणं वेगळं आणि खेळ हेच काम असणं वेगळं.

पैसा आला की काय होतं तेही पाहा. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली. कबड्डी तर कोकणच्या मातीतला खेळ. तिच्याबरोबर बायकांची तीन संघांची छोटी स्पर्धा २०१६मध्ये एकदा घेतली आणि पुढच्या वर्षी बंद केली. पुरुषांची मात्र चालूच राहिली. २०२२मध्ये आलेली अल्टिमेट खो-खो लीग पुरुषांचीच निघाली. २०१५मध्ये सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीगही पुरुषांचीच. क्रिकेटमध्ये पुरुषांची लीग २००८ला आली, बायकांची २०२३ला. 'प्रेक्षक येत नाहीत' हे कारण दर वेळी सांगितलं जातं. दाखवलंच नाही तर प्रेक्षक येतील कुठून, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

एवढ्या अडचणींतूनही मुली पोचतात. पुण्याची शिरीन लिमये देशाच्या संघाची कर्णधार झाली. २०१७च्या जुलैत बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात ती होती. त्याच संघात होती चेन्नईची अनिता पॉलदुराई. एकोणिसाव्या वर्षी कर्णधार झालेली, आणि आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेली. २०२१मध्ये तिला पद्मश्री मिळाली. बाळंतपणानंतर 'आता बस झालं' हे वाक्य न ऐकलेली बाई आपल्यात कोण आहे? अनिताने ते मानलं नाही, म्हणून तिचं नाव मुलींना सांगायचं.

आता तिसरा तुकडा. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेलं आहे. २०१७च्या त्या विजयी संघाचे मुख्य प्रशिक्षक सर्बियाचे झोरान विसिच होते. २०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. या दोघांच्या कामाबद्दल आमची काही तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की वीस-वीस वर्षं खेळलेल्या बायका खेळ थांबल्यावर जातात कुठे? टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत जवळजवळ निम्म्या बायका होत्या, पण प्रशिक्षकांत जेमतेम १३ टक्के. त्यांचं ज्ञान, त्यांचा अनुभव कुठे जिरला?

'हळूहळू होईल' असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेचा धडा उपयोगी आहे. तिथे १९७२मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. मुलींचे खेळ वाढले, पैसा आला, पगार आले. त्या साली कॉलेजातल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना बायका शिकवत होत्या. २०१४मध्ये ते प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं. म्हणजे मुली वाढल्या आणि शिकवणाऱ्या बायका घटल्या! काम बिनपगारी होतं तोवर ते बाईचं होतं. पगार लागला तसं ते पुरुषांकडे जाऊ लागलं. शेतीत, सुईणपणात, स्वयंपाकात आपण हेच पाहिलं नाही का?

पॅट समिट ही त्या जुन्या पिढीतली. १९७४मध्ये बाविसाव्या वर्षी ती टेनेसी विद्यापीठात मुलींची प्रशिक्षक झाली. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, कपडेही तीच धुवायची. १९७६च्या पहिल्या महिला ऑलिंपिकमध्ये ती रौप्यपदक जिंकलेल्या संघात खेळली, आणि १९८४मध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघाची प्रशिक्षक होती. निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर १०९८ विजय होते. आपल्याकडे वाराणसीची दिव्या सिंग देशाची कर्णधार होती. अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन शिकून ती परतली, आणि २०१४मध्ये गोव्यात झालेल्या लुसोफोनिया खेळांत भारतीय पुरुष संघाच्या प्रशिक्षकवर्गात होती. बाई पुरुषांनाही शिकवू शकते, हे आपल्या शेजारीच घडून गेलं आहे.

मग बायका या कामात कमी का? आपल्याकडे प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मोलाची मानतात. त्यासाठी घर सोडून तिथे जाऊन राहावं लागतं. लग्न झालेल्या, मूल लहान असलेल्या बाईला घरून कोण जाऊ देतं? त्यानंतर सराव पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमका चुलीच्या वेळी. शिबिरं परगावी. बाईला खेळातलं कळत नाही असं नाही, तिच्या घरचं काम वाटून घेणारं कुणी नाही. हा प्रश्न क्रीडाखात्याइतकाच घराघरातला आहे.

आणि हा सत्तेचाही प्रश्न आहे. संघात कोण, बाहेर कोण, परगावी कुणाबरोबर जायचं, हे ज्याच्या हातात असतं त्याच्यापुढे पंधरा वर्षांची मुलगी तोंड उघडू शकत नाही. २०२३च्या जानेवारीत देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली दिल्लीला जंतरमंतरवर बसल्या. ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या मुलींना तक्रारीसाठी रस्त्यावर बसावं लागतं, तर तालुक्याच्या संघातल्या मुलीने जायचं कुठे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा क्रीडासंकुलाला, सरावाच्या मैदानाला आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२चा पोक्सो कायदा आहे. कायदे आहेत, पण मैदानावर त्यांची पाटी दिसत नाही.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. पुरुष मुंबईला आणि भातशेती, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या माथी, असा तो आकडा आहे. डोक्यावर भारे घेऊन सडा चढणाऱ्या या बायकांच्या मुलींना 'दम लागेल' म्हणून कुणी खेळापासून दूर ठेवू नये.

म्हणून या हंगामात आपल्या गटांनी थोडी कामं हाती घ्यावीत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा, की जिल्ह्यात मानधनावर किती प्रशिक्षक आहेत आणि त्यांत बायका किती. संकुलातली छपराखालची जागा मुलींना कोणत्या दिवशी, किती वाजता मिळते, हेही विचारा. शाळा लहान असतील तर एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक महिला क्रीडाशिक्षक द्या, अशी मागणी करा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो. त्यातून मुलींच्या खेळासाठी काय करता येईल, हा विषय महिलांच्या ग्रामसभेत मांडा. निम्म्या जागांवर आता आपल्याच मैत्रिणी बसल्या आहेत, त्यांना तो उचलू द्या. परगावी जाणाऱ्या प्रत्येक मुलींच्या संघाबरोबर एक बाई असलीच पाहिजे, आणि ती डबे सांभाळायला नको, निर्णय घ्यायला हवी.

आणखी एक. आपल्या गावात लग्न होऊन आलेली, कधीकाळी जिल्ह्याला, राज्याला खेळलेली एखादी सून नक्की असेल. तिची प्रमाणपत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. तिला शोधा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिने मुलींना शिकवावं म्हणून तिच्या घरी जाऊन बोला, तिच्या सासूशी बोला, नवऱ्याशी बोला. त्या दोन संध्याकाळचा स्वयंपाक घरात दुसरं कोण करेल, तेही तिथेच ठरवून या.

— संपादक मंडळ