रंगशाळेचे दार

उन्हाळी चित्रकला-वर्ग म्हटला की महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे मे महिन्याच्या सुट्टीत शुल्क भरून जाणारी मुले येतात. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ माणसाने हाती कुंचला धरावा आणि त्याची सोय समाजाने करावी, ही कल्पना चळवळीतील अनेकांनाही चैनीची वाटते. आधी भाकरी, मग चित्र, असा क्रम त्यांनी मनाशी लावून टाकलेला असतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३७ साली जे घडले, ते या क्रमाची फेरतपासणी करायला लावणारे आहे.

त्या कथेची सुरुवातही एका उन्हाळी वर्गापासूनच होते. ऑगस्टा सॅव्हेज ही कृष्णवर्णीय शिल्पकार १९२१ साली न्यूयॉर्कला आली आणि कूपर युनियन या निःशुल्क संस्थेत शिकू लागली. १९२३ साली तिने फ्रान्समधील फाँतेनब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठी अर्ज केला. निवड समितीने तो फेटाळला. तिच्या कलेत काही न्यून होते म्हणून नव्हे. दक्षिणेकडील गोऱ्या मुलींना तिच्याबरोबर प्रवास करणे, एकत्र राहणे अवघड जाईल, ही समितीची चिंता होती. पंक्तीला कोण बसणार या प्रश्नापायी विद्येचे दार बंद होण्याचा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारख्यांनी आवाज उठवला, वृत्तपत्रांतून गवगवा झाला. निर्णय मात्र बदलला नाही. पुढे १९२५ साली रोममधील शिक्षणासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली, पण प्रवासखर्चाची जुळवाजुळव न झाल्याने तीही हुकली. शुल्कमाफी म्हणजे प्रवेश नव्हे, हे आमच्या शिक्षणखात्यानेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९२९ च्या महामंदीने लक्षावधींना बेकार केले, त्यांत चित्रकारही होते. रूझवेल्ट सरकारने १९३५ साली फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना काढली. तिचे मर्म असे की चित्रकाराला दान दिले गेले नाही, तर काम देऊन वेतन दिले गेले. न्यूयॉर्कमध्ये ते आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट होते. देशभर शंभरावर सामुदायिक कलाकेंद्रे उभी राहिली. त्यांपैकी लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवरील हार्लेम कलाकेंद्राची पहिली संचालिका सॅव्हेज झाली. (डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचीच ही वस्ती.) तेथे मुलांबरोबरच प्रौढांसाठीही रेखाटन, रंगकाम, शिल्प, मुद्रण, विणकाम यांचे विनामूल्य वर्ग चालत. शिकणाऱ्याला शुल्क नाही आणि शिकवणाऱ्याला पगार. भाकरी आणि चित्र येथे एकाच योजनेत बसले होते. आधी-नंतरचा प्रश्नच उद्भवला नाही.

त्या वस्तीतूनच जेकब लॉरेन्स घडला. सॅव्हेजने त्याला सरकारी योजनेत काम मिळावे म्हणून नेले, तेव्हा वयाची अट आडवी आली. वर्षभराने तिने त्याला पुन्हा नेले आणि काम मिळाले. दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्याने १९४०-४१ मध्ये साठ चित्रांची मालिका रंगवली. पण केवळ लॉरेन्सच्या नावाने केंद्राचे समर्थन करणे अपुरे ठरेल. दिवसभर कोणाच्या तरी घरची धुणीभांडी करून संध्याकाळी जी स्त्री तेथे कागद घेऊन बसली आणि पुढे कधीच प्रसिद्धीस आली नाही, तिचाही त्या खोलीवर तितकाच हक्क होता.

केंद्र टिकले नाही. १९३९ साली काँग्रेसने निधीला कात्री लावली आणि अठरा महिन्यांहून अधिक काळ कामावर असलेल्यांना कमी करण्याचा नियम केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी सॅव्हेजने ‘द हार्प’ हे भव्य शिल्प प्लास्टरमध्ये घडवले. धातूत ओतण्यास पैसा नव्हता, प्रदर्शन संपताच ते मोडण्यात आले. परतल्यावर केंद्रातील तिचे पद तिला मिळाले नाही. तिच्यानंतरच्या संचालिका, कवयित्री ग्वेंडोलिन बेनेट यांना १९४१ साली साम्यवादी असल्याच्या संशयावरून दूर करण्यात आले. युद्धकाळात केंद्र बंद पडले आणि १९४३ मध्ये मूळ योजनाच गुंडाळली गेली. बेकारी-निवारणाची तात्पुरती तरतूद म्हणून जे दिले जाते, ते बेकारी ओसरताच काढून घेतले जाते. शाळेसारखा किंवा ग्रंथालयासारखा नागरिकांचा हक्क म्हणून त्याला कायद्याचा आधार कोणी मिळवून दिला नव्हता. पुरोगाम्यांचीही ही चूकच म्हटली पाहिजे.

मुंबई, सोलापूर, इचलकरंजी येथील पालिका शाळांच्या खोल्या मे महिन्यात रिकाम्या असतात. संध्याकाळी दोन तास त्या प्रौढांसाठी उघडाव्यात, कागद-रंग पालिकेने पुरवावेत, शिकवणाऱ्या चित्रकाराला मानधनाच्या नावाखाली चिल्लर न देता वेतन द्यावे, आणि हा खर्च सांस्कृतिक महोत्सवाच्या नव्हे, शिक्षणाच्या शीर्षाखाली दाखवावा, अशी मागणी प्रत्येक नगरशाखेने अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी लेखी स्वरूपात सादर करावयास हवी.