ठिपके जोडा आणि गप्प बसा?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहायला बसलोय.

परवा नातू लॅपटॉपवर कूलरच्या मोटारीचं सर्किट मांडत होता. आयआयटी मुंबईचं ईसिम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्यक्ष तारा न जोडता सर्किट कसं चालेल ते त्यात आधी बघता येतं. (त्याचं मूळ १९७३ साली अमेरिकेत बर्कलीला तयार झालेल्या स्पाइसमध्ये. म्हणजे मी नोकरीला लागलो त्या सुमाराचं!) नातवाला प्रयोगशाळेत मोजलेली विजेची लाट त्यात द्यायची होती. ती जोड्यांनी देतात, अमुक वेळेला तमुक व्होल्ट. मधली जागा सॉफ्टवेअर सरळ रेघेने भरतं.

"किती ठिपके देऊन राहिला बे?"

"दर ५ मिलिसेकंदाला एक, आजोबा. सर म्हणाले, कितीही द्या, कॉम्प्युटर जोडून घेतो."

जोडून घेतो! मी मराठी माध्यमातला बी.ए., इंजिनिअर नव्हे. पण कागद घेतला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांची. लाट शुद्ध धरली तर नातवाचे ठिपके येतात ०, ३२५, ०, उणे ३२५. सरळ जोडले की झाला त्रिकोण, आणि त्याचे परिणामी व्होल्ट भरतात सुमारे १८८. घरात येतात २३०. हेच ठिपके शून्यापासून दर १० मिलिसेकंदाला घेतले असते तर? ०, ०, ०. सॉफ्टवेअरने निमूट सपाट रेघ ओढली असती, आणि नागपूरभर अंधार!

ठिपके कुठे घ्यायचे हे लाटेचं वळण बघून ठरवायचं असतं. शून्य ओलांडताना ती जवळजवळ सरळ असते, तिथे थोडके पुरतात. शिखराशी वळते, तिथे दाटी हवी. एका लाटेत सारख्या अंतराने १२ ठिपके घेतले तर शिखरालगत चूक सुमारे ११ व्होल्टांची. २४ घेतले की ३ व्होल्टांहूनही कमी. अंतर निम्मं, चूक चौथाई. यात नवीन काही नाही हो. जुनं लॉग टेबल आठवा. सुरुवातीच्या ओळींत सरासरी फरकाचे आकडे दोन-दोन ओळींत दिलेले असत, कारण तिथे फरक भराभर बदलतो. टेबल करणाऱ्याने ते ओळखलं होतं.

"मग स्प्लाइन लावतो, गुळगुळीत येईल," नातू म्हणाला. ही दुसरी तऱ्हा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. तिच्या उभ्या कडेशी असा वक्र बसवला की रेघ कडेच्याही वर उसळते, म्हणजे कुणी न मोजलेले जास्तीचे व्होल्ट सर्किटला मिळतात. उलट सरळ रेघांची खोड वेगळी. मोटारीच्या कपॅसिटरमधला प्रवाह व्होल्टेजच्या चढ-उतारावर ठरतो. तो चढ प्रत्येक ठिपक्याशी एकदम बदलतो, म्हणून प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी येतो. त्या पायऱ्या विजेच्या नव्हेत, आपल्या.

आता माझं पाप. शाळेत एका मुलीने वजनानुसार टपालदराचा आलेख पायऱ्यांनी काढला होता. मी लाल शाईने त्यावर गुळगुळीत वक्र फिरवला आणि दोन गुण कापले. टपालदर पायऱ्यांनीच वाढतो! तिने विचार केला होता, मी सवयीने पेन चालवला. त्यामुळे त्या सरांना एकट्यांना झोडपायला माझी जीभ रेटत नाही. पण माझ्या चुकीने दोन गुण गेले, यांच्या पोरांच्या हाती उद्या खऱ्या मोटारी येतील.

माझं मागणं एवढंच. प्रोजेक्टच्या वहीत लिहायला लावा, मोजलेले ठिपके कुठले, भरलेले कुठले, आणि भरायची हीच रीत का.

नातवाने आता शिखराशी ठिपके वाढवलेत. काल रात्री २२९ आले म्हणून उठवायला आला होता.